रोटरीची तहान

दोडामार्ग,
१९ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

नमस्कार वाकूनच करणार होते, पण सध्या गाडीखाली आडवी पडून लिहिते आहे, तेव्हा तो आडव्यानेच पोचला असं समजा. आई म्हणाली, "मामाक फोन करू नको. जहाजाच्या इंजिनरूमान तेचे कान खाल्ले. तू लिव, लिवलेला तो ऐकता." म्हणून हा कागदाचा खटाटोप. आज नारळी पौर्णिमा. तिकडे आचऱ्याला तुम्ही समुद्रावर असाल, आणि इथे मी काजूच्या बागेतल्या मांगरात. हंगामात बाबा इथे बिया साठवतात, बाकीचे महिने हे माझं गॅरेज असतं.

काम असं आहे. माझ्याकडे एक जुनी जपानी गाडी आहे, रोटरी इंजिनाची. तुम्ही जहाजांवर अशी इंजिनं हाताळली नसतील. यात पिस्टन नाही. फुगलेल्या समोशासारखे दोन त्रिकोणी रोटर आपापल्या पोकळीत गरगर फिरतात. त्रिकोणाच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. सील शाबूत तर इंजिन शाबूत. मागच्या वर्षी मी टर्बोचा दाब वाढवला. हवा भरपूर आत गेली, पेट्रोल कमी पडलं, आतली आग वाजवीपेक्षा तापली आणि एक सील तुटून पोकळी खरवडून गेली. दुसरी पोकळी मिळवता मिळवता माझे हाल कुत्रा खाईना. आता जी बसवली आहे ती शेवटची.

जानेवारीत तिलारी घाटात गाड्यांची चढाईची शर्यत आहे. यंदा त्यात इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. इथेनॉल संयोजकच सीलबंद पिंपातून देणार. मी नाव दिलं आहे. गाडी मीच चालवणार. फोंड्याचा कौस्तुभ म्हणून एक जण आहे, त्याची शर्यतीच्या गाड्यांची टीम आहे. त्याने सांगितलं, "जिंकली नाहीस तरी चालेल. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली घाट चढून इंजिन धडधाकट वर आण. मग माझ्या सगळ्या गाड्यांची इंजिनं तुझ्याकडे."

बाबांचं म्हणणं वेगळं. पुण्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे, फेब्रुवारीत हजर व्हायचं आहे. बाबा म्हणाले, "एकदा फुटला इंजिन. परत फुटला तर गुमान पुण्याक जायचा. मांगर माका काजवांक होयो." मला जायचं नाही, मामा. मला इथेच राहून हे काम करायचं आहे, आणि ते या एका इंजिनावर लटकलं आहे.

तेव्हा सांगा. इंधन फवारणारे इंजेक्टर केवढे घेऊ? पंप केवढा? मी एकच दांडगा पंप आणि चार मोठे इंजेक्टर घ्यायच्या विचारात आहे. ताकद चारशे घोड्यांची धरली आहे.

तुमची,
संचिता

—

आचरा,
२८ ऑगस्ट २०२४

चि. संचिता,

आशीर्वाद. तो उभ्याने घे, आडव्याने घेतला तर डोळ्यात ग्रीस जाईल.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. सगळा जन्म डिझेलात गेलेल्या माणसाला तू समोशाच्या इंजिनाबद्दल विचारतेस. मग सारिकाला, म्हणजे तुझ्या मामीला, सांगितलं की दोन दिवस मला बाजारात पाठवू नकोस. तिने पाठवलंच. तरी विचार झाला आहे.

पहिली गोष्ट. इथेनॉल स्वतःच्या पोटात प्राणवायू बाळगून येतं, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा साधारण दीडपट लागतं. त्याचा फायदा असा की ते आतली आग थंड ठेवतं, तुझ्या सीलांना ते मानवेल. तोटा असा की रोटरी मुळातच तहानलेली, त्यात हे. चारशे घोड्यांना तासाला दोनशे तीस लिटरच्या आसपास ओतावं लागेल. आकडा बघून घाबरू नकोस, घाट तासभराचा नाही.

दुसरी गोष्ट. चार मोठे इंजेक्टर घेशील तर मूर्ख ठरशील. मोठ्या इंजेक्टरला थेंबभर सोडता येत नाही. वळणावर पाय उचललास की गाडी गुदमरेल आणि पुन्हा दाबलास की झटका देईल. दोन लहान घे, ते कायम चालतील. दोन मोठे घे, ते टर्बोचा दाब आला की जागे होतील. चौघांची मिळून मिनिटाला पाच लिटरांच्या खाली बेरीज नको. कुठलाही इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा राहील इतकं काम त्याला देऊ नकोस. त्यालाही श्वास घ्यायला फट लागते.

तिसरी गोष्ट पंप. डब्यावर जो आकडा छापतात तो मोकळ्या नळीतला. तुझ्या पंपाला इंधन दाबाखाली ढकलायचं आहे, वरून टर्बोचा उलटा दाब. विकणाऱ्याकडे दाबाप्रमाणे प्रवाह किती घटतो त्याचा तक्ता माग. देत नसेल तर दुकान बदल. आणि एकच पंप? माझ्या कुठल्याही जहाजावर महत्त्वाचं काम एकट्या पंपावर सोडलेलं मी पाहिलं नाही. दोन घे, सारखे. दोघांची वायर वेगळी, फ्यूज वेगळा. आतलं सगळं अल्कोहोल सोसणारं आहे ना ते विचार, नाहीतर रबर फुगून नरम पडेल.

शिवाय इंजेक्टरांच्या तोंडाशी दाबाचं स्विच बसव. इंधनाचा दाब पडला की त्याने त्याच क्षणी टर्बोचा दाब सोडून द्यायचा, तुझी परवानगी न विचारता. तुझ्या उजव्या पायावर माझा विश्वास नाही, तू मथुराची मुलगी आहेस.

शेवटची. रोटरीच्या सीलांना इंधनातूनच थोडं तेल मिळावं लागतं ना? मग साधं टूस्ट्रोक तेल चालणार नाही, इथेनॉलात ते मिसळत नाही, तळाशी बसतं. एरंडेल घाल. लहानपणी तुला पाजलं तेच. दारूत विरघळणारं भरवशाचं तेल ते एकच.

तुझा,
हरिश्चंद्र मामा

—

दोडामार्ग,
३ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

आज घट बसले. आई देवाच्या खोलीत आणि मी मांगरात, दोघी आपापल्या ठिकाणी सोवळ्यात आहोत. इंधनाच्या कामाला हात स्वच्छ लागतात.

तुमचं पत्र वाचून मी चार मोठ्या इंजेक्टरांचा विचार सोडला. लहान दोन मिनिटाला एक लिटरचे घेतले, मोठे दोन पावणेदोन लिटरचे. आल्या आल्या चौघांना आईच्या लोणच्याच्या बरण्यांवर टांगलं आणि एकाच वेळी सोडलं. मोठ्यातला एक दुसऱ्यापेक्षा चांगलाच कमी ओततो असं दिसलं. तो तसाच लावला असता तर एक रोटर तृप्त आणि दुसरा उपाशी. बदलून घेतला. बरण्या आता आई परत घ्यायला तयार नाही.

पंपाच्या बाबतीत मात्र तुमच्याशी भांडायचं आहे. दोन पंप कबूल. पण दोन्ही कायम चालू ठेवले तर गाडी नुसती उभी असताना एवढं इंधन गोल गोल फिरून टाकीत परत येईल की ते तापेल, आणि परतीच्या नळीत मावणार नाही. मग दाब नको तेव्हा वाढेल. जहाजावर तुमचं इंजिन दिवसेंदिवस एकाच वेगाने चालायचं. माझं वळणागणिक बदलतं. म्हणून दुसरा पंप टर्बोचा दाब आला की चालू होईल असं करते आहे.

गावात एक गंमत झाली. इथेनॉलचं सरावाचं पिंप आलं. मांगरात नळ्या, बरण्या आणि वास. बाबांच्या नावासकट बातमी गेली, "गणपताचां चेडू मांगरात दारू गाळता." चेडू म्हणजे मी. पोलीस पाटील आले. मी त्यांना इंजेक्टर दाखवला, फवारा उडवून दाखवला. त्यांनी खूप वेळ बघितलं आणि जाताना हळूच विचारलं, "पण मगे पिऊची नायच ती?"

बाबा हसले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "पुण्याचा कागद नीट ठेव." त्यांना माझं हे काम डोळ्यांसमोर नको झालं आहे. आई म्हणते, तसं नाही. पण मला दिसतं ते दिसतं.

तुमची,
संचिता

—

आचरा,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. संचिता,

तू भांडलीस ते बरोबर भांडलीस. मी जहाजाच्या हिशेबाने बोललो, तुझं वाहन चपळ आहे. पण दुसरा पंप दाब आल्यावर चालू करशील तर उशीर झालेला असेल. पंपाला जोर धरायला क्षण लागतो आणि तुझ्या सीलाला तुटायला तेवढा क्षण पुरतो. म्हणून तो आधीच जागा कर. तू पाय अर्ध्याच्या पुढे दाबलास की दुसरा पंप सुरू, टर्बो जागा व्हायच्या आत. आणि परतीची नळी जाड घे, म्हणजे तुझी तक्रारही मिटेल.

गणपतरावांबद्दल मी काही बोलत नाही. ते माझे भावोजी आहेत आणि मला त्यांच्या घरी जेवायचं असतं.

एरंडेलाचं काय झालं? तुझ्या एवढ्या लांब पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही.

मामा

—

दोडामार्ग,
११ डिसेंबर २०२४

ती. मामा,

चालली! मामा, गाडी चालली! टर्बोच्या पूर्ण दाबाखाली, भर दुपारी, बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर. दुसरा पंप तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी जागा होतो, इंधनाच्या दाबाचा काटा खिळून राहतो. मोठे इंजेक्टर कधी सुरू झाले ते मला सीटवर बसून कळलंसुद्धा नाही, फक्त पाठ मागे चिकटली. शिट्टी मारता येत नाही म्हणून मी ओरडले. कौस्तुभ बाजूला बसला होता, उतरल्यावर त्याने पाणी मागितलं.

तेल मिसळलं आहे, त्याची काळजी नको.

तुमचा गुडघा कसा आहे? शर्यत १९ जानेवारीला आहे, रविवारी. याल ना?

तुमची,
संचिता

—

आचरा,
२० डिसेंबर २०२४

चि. संचिता,

वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो की सारिका धावत आली. मला वाटलं मी हळू हसलो.

एरंडेल जळतानाचा वास आला असेल ना? गोडसर. तो वास एकदा नाकात बसला की सुटत नाही, मला हेवा वाटला. घाटात मी येत नाही. गुडघा पायऱ्यांना तयार नाही तर घाटाला कुठून होणार. पण काय झालं ते खडान् खडा लिही.

मामा

—

दोडामार्ग,
६ जानेवारी २०२५

ती. मामा,

वाईट बातमी आहे, पण इंजिन जिवंत आहे. हे आधी लिहिते म्हणजे तुम्ही पुढचं नीट वाचाल.

काल पहिल्यांदा घाटात सकाळी सराव होता. इतकी थंडी की तिलारीच्या पाण्यावर धुकं साचून होतं. गाडी कशीबशी सुरू झाली, खाली बरी चालली. दुसऱ्या वळणाच्या पुढे पाय पूर्ण दाबला आणि इंधनाच्या दाबाचा काटा ढासळला. तुमच्या स्विचने टर्बोचा दाब सोडून दिला. मी पाय उचलायच्या आधी. ते स्विच नसतं तर आज मी तुम्हाला पुण्याला जाण्याची तारीख कळवली असती. गाडी घुसमटत कडेला लावली. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून स्वागत केलं.

बाबा तिथे होते. खाली देवळाकडे जायचं म्हणून आले होते म्हणे. त्यांनी टेम्पोमागे गाडी बांधली आणि घरी आणली.

दुपारी पुन्हा घाटात नेली. तीच गाडी, तेच पंप, तोच रस्ता. काटा खिळल्यासारखा स्थिर! मी दोन्ही पंप काढून पाहिले, वायरी पाहिल्या, फ्यूज पाहिले. दोन्ही पंप ठणठणीत. मला वाटतं पहिल्या पंपाची आतली झडप गार पडल्यावर अडकते. तुमच्या ओळखीने तसलाच पंप लवकर मिळेल का? शर्यत सकाळचीच आहे.

हात टेकले, मामा. पण सोडणार नाही.

संचिता

—

आचरा,
९ जानेवारी २०२५

चि. संचिता,

पंप मिळेल, पण मी पाठवणार नाही. पंपाचा दोष नाही.

जे सकाळी बिघडतं आणि दुपारी आपोआप बरं होतं ते यंत्र नसतं, ते नळीतून जाणारं काहीतरी असतं. सकाळी घट्ट, दुपारी पातळ. गार पाण्यातून जहाज नेताना माझं इंधन मेणासारखं घट्ट व्हायचं, ते मी हातांनी खरवडलं आहे. पण इथेनॉल तुझ्या घाटातल्या थंडीने घट्ट होत नाही. एरंडेलही नाही. मग तुझ्या टाकीत तिसरं काय आहे?

इंजेक्टरांच्या आधीचा फिल्टर उघड. उन्हात नको, पहाटे गार असतानाच उघड. आणि मला खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. रागावलो तर तुला ऐकू येणार नाही, आणि मलाही.

मामा

—

दोडामार्ग,
१२ जानेवारी २०२५

ती. मामा,

खोबरेल.

तुम्ही आता हसून घ्या, मी थांबते.

एरंडेल जळलं की चिकट थर धरतं असं मी वाचलं होतं. एवढे पारखून घेतलेले इंजेक्टर, त्यांची तोंडं चिकटली तर? आमच्या घाण्याचं ताजं खोबरेल घरात होतं. ऑक्टोबरच्या उन्हात बाटलीत इथेनॉल घेतलं, खोबरेल घालून हलवलं. काचेसारखं स्वच्छ दिसलं. मी खूश. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता. "तेल मिसळलं आहे" एवढंच लिहिलं.

सकाळी फिल्टर उघडला तर जाळीवर पांढरा लगदा, खोबऱ्याच्या वडीसारखा. बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी बोटावर थोडं घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे असे बघत राहिले की विचारू नका.

"ह्यां खोबरेल आसा गो!"

"व्हय."

"जानेवारीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय आवशीच्या केसांक तेल लागणा नाय. आणि तू तां गाडयेक घातलंस?"

मामा, जन्मापासून मी थंडीत ती बाटली अंगणात उन्हाला ठेवत आले आहे. ते काम माझंच असायचं. आणि इंजिनाच्या वेळी ते डोक्यात आलं नाही! वर पिंपातल्या इथेनॉलने डिसेंबरभर हवेतलं दमट पाणी ओढलं असणार, त्यामुळे तेल आणखी लवकर सुटलं.

टाकी धुतली, नळ्या धुतल्या, इंजेक्टर पुन्हा बरण्यांवर टांगले. चौघे सारखे ओततात. काही बिघडलेलं नाही. बाबा दुपारी बांद्याला गेले आणि एरंडेलाचा डबा घेऊन आले. बहुधा हे एकदाचं संपावं म्हणून. मी नवीन पिंपातलं इथेनॉल आणि एरंडेल बाटलीत घालून आईच्या फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघितलं, स्वच्छ. आणखी गार केलं, तरी स्वच्छ. तुमचं खरं, माझं खोटं. कान माझेच धरले आहेत.

इंजेक्टरांच्या तोंडांची भीती अजून आहे. शर्यतीनंतर प्रत्येक वेळी ते उतरवून धुवीन, मग तर झालं?

संचिता

—

आचरा,
१४ जानेवारी २०२५

चि. संचिता,

तिळगूळ घे. वडी मात्र तुझ्या इंजिनाने आधीच खाल्ली.

सगळ्या मालवणी मुलखात ही चूक फक्त आपल्या घरात होऊ शकते. मी सारिकाला सांगितलं, तिने शेजारी सांगितलं, आता आचऱ्यात माझं तोंड दाखवायची सोय नाही. पण धुऊन वापरण्याचं तू लिहिलंस ते बरोबर, एरंडेलाला तेवढी सेवा लागतेच. तुझी भीती खरी होती, उपाय चुकला होता.

आता एक काम कर. तू आत असशील, डोक्यावर हेल्मेट, तुला बाहेरून इंजिन कसं वाजतं ते कळणार नाही. व्हिडिओ माझ्या काय कामाचा? बाहेर उभं राहून ऐकणारं एखादं माणूस शोध आणि त्याला सांग, घाट चढताना आवाज कुठे तुटला का, ते मला लिहायचं. आवाज सलग असला तर इंजिन पोटभर जेवलं. मला तेवढंच कळायला हवं आहे.

मामा

—

दोडामार्ग,
२० जानेवारी २०२५

हरिश्चंद्रभाऊ,

गणपतचा नमस्कार. माझं अक्षर तुम्ही आजवर लग्नाच्या पत्रिकांवरच पाहिलं असेल. संचिताने विचारलं, मामाला आवाज कोण लिहील. मी म्हटलं मी लिहितो. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी त्या खोबरेलाच्या वेळी तिच्याकडे बघितलं होतं.

काल सकाळी घाटाखाली गाड्या लागल्या. कोल्हापूरचे, बेळगावचे, गोव्याचे, सगळ्यांच्या गाड्या चकचकीत. आमची एकच फिकट पडलेली. थंडी कडाक्याची होती. मी मनात म्हटलं, असू दे, आज आमच्या टाकीत काही गोठत नाही. निघायच्या आधी मी नारळ ठेवला आणि रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यां चेडू घाट चढूक जाता. तेच्या दोनय पंपांचो जोर कमी जाव देव नको. तेच्या इंजेक्टरात कसलीच गुठळी अडकाक देव नको. जसां खाली आसा तसांच वर पोचव रे म्हाराजा!" आपली माणसं "व्हय म्हाराजा" ओरडली, आणि त्यांचं बघून कोल्हापूरची पोरंही ओरडली. देवाने ते दोघांचंही धरलं असेल तर आमचा इलाज नाही.

मग मी कौस्तुभच्या माणसाच्या मोटारसायकलवर बसून वर गेलो आणि शेवटच्या वळणाच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. तिथून खालचा घाट दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तुम्हाला हेच हवं होतं, म्हणून जसं ऐकलं तसं लिहितो.

गाडी नुसती उभी असते तेव्हा तिचा आवाज पत्र्यावर काजूच्या बिया ओतल्यासारखा येतो, तुटक तुटक. तो खालून वरपर्यंत येत नव्हता, पण मला माहीत होता. निघाली तसा तो तुटकपणा गेला. मग एक लांब आवाज सुरू झाला. वळणावर खाली उतरायचा, पुन्हा चढायचा. खाली उतरला की वाटायचं, आता गुदमरणार. नाही गुदमरला. लहान इंजेक्टर त्याला धरून ठेवत होते, तिने मला नंतर समजावलं. सरावाला जिथे बंद पडली होती ते दुसरं वळण आलं हे मला झाडीतून परतणाऱ्या आवाजावरून कळलं. मी डोळे मिटले. भाऊ, तिथे तो आवाज उलट वाढला! आणि वाढतच गेला. वर येईपर्यंत तो कुठेही तुटला नाही. शेवटच्या वळणावर ती माझ्या समोरून गेली तेव्हा एरंडेलाचा गोड वास मागे राहिला, तुम्ही लिहिला होतात तसाच.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाजूचा बेळगावचा माणूस म्हणाला, "काका, कोण तुमची?" मी म्हटलं, "चेडू माझां! आणि इंजिनय तेचांच!"

इथेनॉलच्या वर्गात ती पहिली आली. सगळ्या गाड्यांत मिळून दुसरी. जो पहिला आला तो बक्षीस घ्यायच्या आधी आमच्या गाडीचं बॉनेट उघडायला आला. तिने त्याला इंजेक्टर दाखवले, दोन पंप दाखवले, दुसरा कधी आणि कशासाठी जागा होतो ते सांगितलं. तो वहीत उतरवून घेत होता. कौस्तुभने तिथेच मीटर लावून दोन्ही रोटरांच्या सगळ्या बाजूंचा दाब तपासला. एकूण एक सारख्या. सील शाबूत. त्याने हात जोडले आणि म्हणाला, माझ्या दोन गाड्या या आठवड्यात आणून लावतो, कुठे लावू?

ती माझ्याकडे बघायला लागली. मांगराचा प्रश्न होता ना. मी म्हटलं, मांगरातच लाव. काजू यंदा घराच्या पडवीत राहतील, मथुराला मी समजावतो.

आता तुम्हाला एक सांगतो, तुम्ही तिचे मामा आहात. मला मांगराची काही पडलेली नव्हती. पहिलं इंजिन फुटलं तेव्हा मी तिथेच होतो, बॉनेटखालून धूर आला आणि ती बाहेर यायला क्षणभर उशीर झाला. तो क्षण माझ्या डोक्यातून गेला नाही. पुण्यात ती इंजिनं कागदावर काढील, घाटात नेणार नाही, असं मला वाटायचं. भीती वाटते असं बापाला सांगता येत नाही, मग तो काजूचं कारण सांगतो. सरावाच्या दिवशी देवळात जायचं म्हणून आलो होतो ते खोटं. तुमच्या त्या स्विचने तिला धरलं हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि तेव्हापासून माझी भीती हळूहळू उतरली. तुमचे उपकार कसे मानू ते कळत नाही. हंगामात या, गुडघ्याला घाट नाही लागणार, मी टेम्पो घेऊन आचऱ्याला येतो.

काल घरी आल्यावर तिने हात धुतले, देवाला नमस्कार केला, तुमच्या नावाने आणखी एक केला, आणि माझ्यासमोर येऊन बसली. पुण्याचा कागद हातात होता.

"बाबानू, पुण्याक काय कळवू?"

मी म्हटलं, "तेंका कळव, माझ्या चेडवाक हयसरच काम आसा."

आपला,
गणपत